बिटकीचा लाल दिवा

एक होतं तळं. तळ्यात कमळं. कमळांच्या मधोमध इवलंसं बेट. बेटावर जांभळाचं झाड. झाडाच्या ढोलीत एक घुबड.

घुबड दिवसा झोपायचं. अंधार पडला की उठायचं.

तळ्याच्या काठी राहायची शेवंतामावशी. मावशी लाकडाच्या छोट्या छोट्या नावा करायची. अगदी खऱ्या होड्यांसारख्या! तस्संच शीड. तस्संच सुकाणू. आणि तस्सेच दिवे. डावीकडे लाल. उजवीकडे हिरवा. डोलकाठीवर पांढरा. बटण दाबलं, टक्! दिवे लागले, लुकलुक लुकलुक!

मावशीची बोटं मोठी. नावेचं पोट छोटं. मग आत शिरून तार ओढायची कुणी?

बिटकीने!

बिटकी म्हणजे इवलीशी उंदरीण. इवले कान, इवले पाय, लांब शेपटी. तिला एक भाऊ होता. तिच्याहून इवला. त्याचं नाव बोंडू.

एके संध्याकाळी काय झालं? बोंडू बसला नारळाच्या करवंटीत. वारा आला, फूऽऽ! करवंटी निघाली. डुलुडुलु डुलुडुलु बेटाला लागली. बोंडू उतरला. आणि करवंटी? गुडुप! बुडाली पाण्यात.

बेटावर बोंडू एकटा.

"बिटकीऽऽ! मला नेऽऽ!"

सूर्य खाली आला होता. बिटकी मावशीकडे पळाली.

"मावशी, मावशी! बोंडू बेटावर! आता घुबड उठेल!"

मावशी म्हणाली, "मोठी होडी कमळांत शिरत नाही. आपली छोटी नाव शिरेल. मी नावेला दोरी बांधते. तू बसून जा. मी ओढून घेईन. पण आधी दिवे लावू. दिव्यांपाशी घुबड येत नाही."

दोघी कामाला लागल्या. हिरवा दिवा बसला. पांढरा दिवा बसला. राहिला लाल. डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल दिवा!

बिटकीने तो उचलला. हात थरथरले. आणि... सटक्!

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक... दिवा उड्या मारत गेला. काठावर खेकड्याचं बीळ होतं. दिवा पडला बिळात. टुप्!

"मावशी, दोन दिवे आहेत ना? दोनच लावू!"

"नाही गं बाई. तिन्ही एकाच तारेवर आहेत. एक नाही, तर तिन्ही नाहीत. आणि दुसरा लाल दिवा नाही माझ्याकडे."

बिटकी धावली. तुरुतुरु तुरुतुरु. बिळात डोकावली.

"खेकडेदादा, खेकडेदादा, बाहेर या! दिवा द्या!
खेकडा आला की दिवा मिळेल.
दिवा मिळाला की नाव निघेल.
नाव निघाली की बोंडू येईल!"

खेकडा आतूनच म्हणाला, "नाही गं नाही! दारासमोर पाण्यात बगळा उभा आहे. मी आलो की गट्ट करेल. आधी बगळा हटव, मग मी येईन."

सूर्य आणखी खाली आला. बेटावरून हाक आली, "बिटकीऽऽ! मला नेऽऽ!"

बिटकी धावली. तुरुतुरु तुरुतुरु. बगळा एका पायावर उभा. मान ताठ, चोच लांब. बिटकीला भीती वाटली. तरी ती पुढे गेली.

"बगळेमामा, बगळेमामा, बाजूला व्हा!
बगळा हटला की खेकडा येईल.
खेकडा आला की दिवा मिळेल.
दिवा मिळाला की नाव निघेल.
नाव निघाली की बोंडू येईल!"

बगळा म्हणाला, "नाही गं नाही! सकाळपासून उभा आहे. पोटात काही नाही. आधी मासा आण, मग मी हटेन."

सूर्य जांभळामागे गेला. ढोलीत घुबडाने एक डोळा उघडला.

बिटकी धावली. तुरुतुरु तुरुतुरु. घाटाच्या पायरीवर हौसाबाय बसली होती. हौसाबाय तळ्यात मासे धरायची. आज मांडीवर जाळं घेऊन नुसती बसली होती.

"हौसाबाय, हौसाबाय, मासा द्या!
मासा मिळाला की बगळा हटेल.
बगळा हटला की खेकडा येईल.
खेकडा आला की दिवा मिळेल.
दिवा मिळाला की नाव निघेल.
नाव निघाली की बोंडू येईल!"

हौसाबाय म्हणाली, "कुठून देऊ गो पोरी? बघ, जाळ्याला हे एवढं भोक! मासे येतात नि पळून जातात. धाकलूआजोबांकडून दोरा आण. मग जाळं नीट होईल."

आभाळ लाल झालं. ढोलीत घुबडाने दुसरा डोळा उघडला.

बिटकी धावली. तुरुतुरु तुरुतुरु. पाय दुखले. थांबली नाही. धाकलूआजोबा ओट्यावर बसले होते. बाजूला दोऱ्याची गुंडी. समोर चूल पेटलेली. चुलीवर पातेलं.

"धाकलूआजोबा, धाकलूआजोबा, दोरा द्या!
दोरा मिळाला की जाळं नीट होईल.
जाळं नीट झालं की मासा मिळेल.
मासा मिळाला की बगळा हटेल.
बगळा हटला की खेकडा येईल.
खेकडा आला की दिवा मिळेल.
दिवा मिळाला की नाव निघेल.
नाव निघाली की बोंडू येईल!"

आजोबा म्हणाले, "दोरा देईन गो. पण तो वळायला हवा. आणि चहा घेतल्याशिवाय माझे हात चालत नाहीत. चहाला दूध नाही. माझी चांदी शेळी अजून घरी आली नाही. माझे गुडघे दुखतात. तूच जा, तिला घेऊन ये."

आभाळ जांभळं झालं. बेटावर पंख हलले. फडक् फडक्!

"बिटकीऽऽ!" आता बोंडूचा आवाज अगदी बारीक झाला होता.

बिटकी धावली. तुरुतुरु तुरुतुरु. माळावर परसभेंडीचं मोठं झाड होतं. झाडाखाली चांदी शेळी.

"शेळीताई, शेळीताई, घरी चला!
शेळी आली की चहा होईल.
चहा झाला की दोरा मिळेल.
दोरा मिळाला की जाळं नीट होईल.
जाळं नीट झालं की मासा मिळेल.
मासा मिळाला की बगळा हटेल.
बगळा हटला की खेकडा येईल.
खेकडा आला की दिवा मिळेल.
दिवा मिळाला की नाव निघेल.
नाव निघाली की बोंडू येईल!"

शेळी म्हणाली, "बेंऽऽ! कशी येऊ? झाडाभोवती फिरले गोल गोल गोल. दावं गुंडाळलं. पाय अडकला. आधी दावं तोड, मग मी येईन."

बिटकीने दाव्याकडे पाहिलं. काथ्याचं दावं. जाडजूड. खरखरीत.

"दाव्या, दाव्या, तुटून जा!
दावं तुटलं की शेळी येईल.
शेळी आली की चहा होईल.
चहा झाला की दोरा मिळेल.
दोरा मिळाला की जाळं नीट होईल.
जाळं नीट झालं की मासा मिळेल.
मासा मिळाला की बगळा हटेल.
बगळा हटला की खेकडा येईल.
खेकडा आला की दिवा मिळेल.
दिवा मिळाला की नाव निघेल.
नाव निघाली की बोंडू येईल!"

दावं गप्प. हो म्हणेना. नाही म्हणेना.

बिटकीने इकडे पाहिलं. कुणी नाही. तिकडे पाहिलं. कुणी नाही. आता जायचं तरी कुणाकडे?

तळ्यावरून आवाज आला, "घूऽऽ! घूऽऽ!"

घुबड जागं झालं होतं!

बिटकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं. मग तिने दातओठ खाल्ले. दात... अरे, दात! दात होते ना तिला!

बिटकीने दावं तोंडात धरलं. कुर्र कुर्र. कुरतुड कुरतुड. काथ्या तोंडात टोचला. कुर्र कुर्र. जबडा दुखला. कुरतुड कुरतुड. एक पेड तुटला. दुसरा पेड तुटला. आणि...

फट्!

दावं तुटलं!

"बेंऽऽ! बस माझ्या पाठीवर!" शेळी म्हणाली. टपटप टपटप, टपटप टपटप! शेळी आली घरी.

आजोबांनी धार काढली. चुर्र चुर्र. पातेल्यात दूध. खळखळ उकळी. चहा झाला!

आजोबांनी चहा बशीत ओतला. भुर्रर्र... भुर्रर्र...

बिटकी एका पायावरून दुसऱ्या पायावर. "आजोबा, लवकर! आजोबा, लवकर!"

भुर्रर्र! संपला चहा. आजोबांचे हात चालू लागले. सरसर सरसर दोरा वळला. दोरा मिळाला!

बिटकीने दोरा तोंडात धरला. तुरुतुरु तुरुतुरु. हौसाबायने सुई घेतली. सुई आत, सुई बाहेर. सुई आत, सुई बाहेर. भोक बुजलं. जाळं नीट झालं!

हौसाबायने जाळं फेकलं. झपाक्! ओढलं. आलं काय? नुसतं शेवाळ.

"थांब गो, रडू नको. परत टाकते."

झपाक्! ओढलं. आत काहीतरी तडफडत होतं. फडफड फडफड. मासा मिळाला!

"घे रे बगळ्या!" हौसाबायने मासा फेकला. बगळ्याने चोच उघडली. गट्ट! पंख पसरले. फडाफड फडाफड, गेला उडून. बगळा हटला!

बिळातून एक नांगी आली. मग दुसरी नांगी. तिरपा तिरपा, तिरपा तिरपा, खेकडा आला! नांगीत काय होतं? लाल दिवा!

"घे बाई. आणि पळ!"

बिटकी पळाली.

शेवंतामावशी नाव घेऊन काठावर बसली होती. बिटकी नावेच्या पोटात शिरली. तार ओढली. लाल दिव्याचे इवले पाय तारेला जोडले. इकडे एक पाय. तिकडे एक पाय.

"मावशी, दाबा बटण!"

टक्!

दिवे लागले नाहीत.

टक्! टक्!

नाहीच लागले.

घुबड झाडावरून उडालं. काळी काळी सावली पाण्यावर फिरली. "घूऽऽ! घूऽऽ!"

"बिटके, घाबरू नको," मावशी म्हणाली. "दिवा उलटा लागलाय बहुतेक. सोड आणि फिरव."

बिटकीने दिवा सोडला. फिरवला. इकडचा पाय तिकडे. तिकडचा पाय इकडे. या वेळी हात थरथरले नाहीत.

"दाबा, मावशी!"

टक्!

लाल! हिरवा! पांढरा! लुकलुक लुकलुक!

मावशीने नाव पाण्यात सोडली. वारा आला, फूऽऽ! शीड फुगलं. झुळुझुळु झुळुझुळु नाव निघाली. कमळाच्या पानांमधून निघाली. बिटकी सुकाणू धरून उभी.

घुबड खाली आलं. आणखी खाली. बोंडू दगडाला चिकटला. डोळे गच्च मिटले.

"बोंडूऽऽ! डोळे उघड! दिवे बघ!"

बोंडूने डोळे उघडले. लाल दिवा दिसला. हिरवा दिवा दिसला. पांढरा दिवा दिसला. घुबडालाही दिसले! त्याच्या डोळ्यांत उजेड गेला. लख्ख! लख्ख! घुबड वळलं. फडफडत ढोलीत जाऊन बसलं.

"मार उडी!"

टुणुक! बोंडू नावेत!

"मावशीऽऽ! ओढाऽऽ!"

मावशीने दोरी ओढली. सर्र सर्र. हौसाबाय धावत आली. तिनेही ओढली. धाकलूआजोबा काठी टेकत आले. शेळी आली. खेकडा आला, तिरपा तिरपा. झुळुझुळु झुळुझुळु नाव आली. नाव आली आणि बोंडू आला!

"बिटके," बोंडू म्हणाला, "मी रडलो नाही."

"हो का? मग गाल ओले कशाने?"

"तळ्याच्या पाण्याने," बोंडू म्हणाला. आणि मग तो रडला. खूप रडला. बिटकीच्या कुशीत शिरून रडला.

मावशीने दोघांना फडक्यात गुंडाळलं. आजोबांनी कोमट दूध दिलं. बोंडू दूध पिता पिता झोपला. बिटकीलाही झोप आली. पण तिने बोंडूची शेपटी मुठीत धरली होती. घट्ट. झोपेतसुद्धा सोडली नाही.

नाव टेकली काठाला, गोष्ट टेकली उशीला.