गुरूच्या गालावरची तीट

फार जुन्या काळची ही गोष्ट आहे. इतक्या जुन्या काळची, की तेव्हा लोक आकाशातील ग्रहांची नावे घरातील वडीलधाऱ्यांची घ्यावीत तशी अदबीने घेत असत. लहानांनी ती ऐकावी. आणि मोठ्यांनी, आपल्याला सारे ठाऊकच आहे ही समजूत घटकाभर बाजूला ठेवून, ऐकावी.

एका राज्याच्या राजाला एकच ध्यास लागला होता. ग्रहांतील थोरला जो गुरू, त्याचे मुख जवळून पाहावे. स्वतः तेथवर जाणे राजालाही शक्य नव्हते. म्हणून त्याने ही कामगिरी एका करकोच्यावर सोपवली. करकोचा लांबच्या प्रवासाला सरावलेला होता आणि बोलण्यात मोजका होता. दूताच्या अंगी हे दोन्ही गुण असावे लागतात.

करकोच्याच्या गळ्यात बांधण्यासाठी एक भिंग हवे होते. ते त्याच नगरातील एका म्हाताऱ्या भिंगकाराने घासून दिले. काच घासता घासता त्याच्या डोळ्यांतील तेज उतरत गेले आणि भिंगातील तेज चढत गेले. भिंगापुढे तीन रंगीत काचा बसवल्या होत्या: एक तांबडी, एक हिरवी, एक निळी.

निघण्यापूर्वी करकोचा भिंगकाराच्या दारी आला.

"आजोबा," तो म्हणाला, "तिथल्या पोकळीत तोल सांभाळायचा तर मला भोवऱ्यासारखं गिरक्या घेत उडावं लागेल. गुरूकडे पाहिलं की मी दर वेळी तीन पिसं खाली सोडीन. एकेक काच पुढे करून पाहिलेलं एकेका पिसावर उमटेल. पण चित्रं सगळी राखाडी असतील हं. ती जुळवून रंग आणायचे ते तुम्ही."

"आणि तू परत कधी यायचास?"

"सगळी पिसं देऊन टाकल्यावर कसला परत येतोय!" करकोचा हसून म्हणाला. "म्हणूनच सांगतो. पिसांत नसेल ते घालू नका, आणि असेल ते काढू नका."

भिंगकाराने त्याच्या मानेवरून हात फिरवला. करकोचा उडाला.

काही वर्षांनी एका सकाळी राजवाड्याच्या गच्चीवर पिसे उतरू लागली. दरबारचे ज्योतिषी गुरूचे वजन आणि त्याची ओढ यांचे गणित करण्यात गढलेले होते. चित्रांकडे पाहण्यास त्यांना सवड नव्हती. तेव्हा राजाने तिनातिनांच्या जुड्या बांधून त्या चौकातील टोपल्यांत ठेवविल्या आणि दवंडी पिटवली, "ज्याला हौस असेल त्याने जुडी न्यावी, चित्र करावे आणि पौर्णिमेला चौकात आणून टांगावे."

मग काय विचारता! साऱ्या नगराला गुरूचे वेड लागले. वेशीवरच्या जुन्या पहारेकऱ्याने गुरूवरील तांबडे वादळ वांग्यासारखे जांभळे केले. हलवायाच्या बायकोने त्याच्या पट्ट्यांना जिलबीचा रंग दिला आणि वर, "भूक लागली पाहिजे बघून!" असे समर्थनही केले. वाचकहो, रंग हा मिठासारखा असतो. तो असल्याचे कळावे. परंतु त्याच्या पायी घास टाकून देण्याची वेळ येऊ नये.

भिंगकाराच्या सुनेची रीत मात्र निराळी होती. भिंगकाराचा मुलगा तरुणपणीच वारला होता. घरात ही सून आणि सासरा अशी दोघेच राहिली होती. तिने माजघराच्या बंद खिडकीला तीन भोके पाडून त्यांत तांबडी, हिरवी आणि निळी अशा तीन काचा बसवल्या. प्रत्येक काचेपुढे एक पीस आणि सासऱ्याचे एकेक जुने भिंग लावले. दुपारचे ऊन त्यांतून आत आले, की समोरच्या पांढऱ्या भिंतीवर तीन रंगांचे तीन गुरू उमटत. करकोचा गिरकी घेत असल्यामुळे प्रत्येक पिसावर गुरू थोडा सरकलेला असे. ती पिसे केसभर इकडे, केसभर तिकडे करी. तिन्ही गुरूंचे पट्टे एकमेकांवर नेमके बसले, की भिंतीवर एकच गुरू उजळे आणि त्याचे खरे रंग दिसू लागत: दुधावरच्या सायीचा, ओल्या विटेचा, कोठे कोठे पारव्याच्या मानेचा. ते पाहून ती कापडावर चित्र काढी.

भिंगकार तिच्यामागे पाटावर बसून राही. त्याला भिंतीवर उजेडाचा गोळा तेवढा दिसे.

"जुळला का गं?" तो विचारी.

"जुळतोय, मामंजी. घाई केली की रुसतो."

परंतु एक गोष्ट काही केल्या जुळत नव्हती. गुरूच्या गालावर एक काळा ठिपका होता. पट्टे नीट बसवले, की त्या एका ठिपक्याचे तीन ठिपके होत आणि मुंग्यांसारखे एकामागे एक उभे राहत. तो ठिपका एक करू जावे, तर पट्टे विस्कटत.

तिने सासऱ्याला काही सांगितले नाही. ती पाण्याला गेली, तेव्हा हलवाईण तेथे होतीच.

"काय गं," हलवाईण म्हणाली, "तुझ्याही गुरूला तीट आहे का? आमच्या आहे, पहारेकऱ्याच्या आहे, सगळ्यांच्याच आहे! तुझ्या मामंजींनी भिंग पुसायचंच विसरून दिलं वाटतं!"

बायका हसल्या. लहान मुलाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाची तीट लावतात, ती सर्वांना ठाऊक होती. थट्टा एवढी नेमकी होती, की सायंकाळपर्यंत ती नगरभर झाली. भिंगात डाग आहे, असे जो तो म्हणू लागला.

आणि थट्टेचे ओझे लहान नव्हते. भिंगकाराच्या पेटीत मऊ कापडात गुंडाळलेले आणखी एक भिंग होते. शनीकडे जाणाऱ्या दुसऱ्या पक्ष्यासाठी, उरल्यासुरल्या दृष्टीने त्याने ते घासले होते. त्याच्या हातून आता तिसरे होणार नव्हते. ते न्यावे की परदेशी कारागिराकडून दुसरे आणवावे, हे राजा पौर्णिमेला चित्रे पाहून ठरवणार होता.

नगरात बोलले जाते ते म्हाताऱ्यांच्या कानांवर सर्वांत शेवटी येते, पण येते.

"सूनबाई," भिंगकाराने जेवताना विचारले, "तू रोज पाहतेस. खरं सांग. माझ्या भिंगात डाग आहे?"

सुनेने त्याच्या पानाकडे पाहिले. वरण भाताबाहेर सांडत होते आणि त्याला ते दिसत नव्हते.

"नाही, मामंजी," ती म्हणाली. "लख्ख आहे."

भिंगकाराच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले, ते पाहून तिने मनाशी एक निश्चय केला. दुसऱ्या दिवशी तिने कापडावर गुरूचे चित्र पुरे केले आणि त्यातून तो ठिपका वगळला. करकोच्याचे बोलणे तिला आठवले नाही असे नव्हे. परंतु माया डोळ्यांत दाटली, की कानांनी ऐकलेले मागे पडते.

पौर्णिमेला चौकात चित्रे टांगली गेली. राजा जांभळ्या वादळापाशी खोकला, जिलबीच्या पट्ट्यांपाशी हसला आणि सुनेच्या चित्रापुढे येऊन थांबला.

"हाच तो," तो म्हणाला. "असाच असणार तो थोरला."

"महाराज," हलवाईण पुढे होऊन म्हणाली, "सगळ्यांच्या गुरूला तीट आहे. ह्यांच्याच गुरूचा तेवढा गाल गोरापान कसा?"

राजाने एकेक चित्र पुन्हा पाहिले आणि सुनेकडे वळून विचारले, "बाई, तुमच्या पिसांवर तो ठिपका नव्हता?"

खोटे बोलणे एकदा जमले होते. राजापुढे जमले नाही. तिने मान खाली घातली.

"होता," ती म्हणाली. "मी वगळला."

राजाला वाईट वाटले. "ज्यांच्या घरात भिंग घडले, त्यांनीच डाग झाकला," तो म्हणाला, "तेव्हा तो डागच आहे, हे आम्ही समजलो. भिंगकाराला त्याच्या श्रमांचा मान मिळेल. परंतु शनीचे भिंग आम्ही दुसरीकडून आणवू. आज दिवेलागणीला दूत निघेल."

पाहा कसे झाले! इतरांनी घेतला तो केवळ संशय होता. त्यावर शिक्कामोर्तब केले ते तिच्या मायेने.

सून घरी आली, ती उंबऱ्यातच बसली. भिंगकार चाचपडत बाहेर आला. तिने त्याला सारे सांगितले. काही राखून ठेवले नाही.

म्हातारा तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकला. "मला डाग असल्याचं एवढं दुःख नाही, पोरी," तो म्हणाला. "काच आहे; राहिलाही असेल. पण तुला दिसला आणि मला दाखवला नाहीस. दाखवला असतास, तर आपण दोघांनी पाहिला असता."

"तुम्हाला लागलं असतं, मामंजी."

"लागू द्यायचं होतं. इतकी वर्षं काच घासली. बोटांना लागतंच की." मग त्याने विचारले, "कसा होता गं तो?"

"एक असता तर सोपं होतं. पट्टे जुळवले की एकाचे तीन व्हायचे."

भिंगकार ताठ बसला. "तीन? पट्टे जुळले तरी तो जुळेना?"

"नाही जुळला."

"मग तो गुरूच्या अंगावरचा नव्हे. अंगावरचा असता, तर अंगाबरोबर बसला असता. आता ती पिसं आण आणि एक सुई आण. जिथे ठिपका आहे तिथे प्रत्येक पिसाला एक भोक पाड."

तिने पाडले. मग त्याने तिन्ही पिसे एकावर एक ठेवली आणि आपल्या बोटांनी त्यांच्या कडा कडांशी नीट जुळवल्या. भिंग तर तिन्ही वेळा एकच होते. त्यातील डाग कडेपासून प्रत्येक पिसावर त्याच जागी उमटायला हवा होता. त्याने सुई पहिल्या पिसाच्या भोकात घातली. ती दुसऱ्यावर अडली. त्याने पुन्हा घातली. पुन्हा अडली.

"काचेतला डाग काच सोडून चालत नाही," तो हळूच म्हणाला. "हा चालतोय, सूनबाई. हा गुरूचाही नाही आणि माझाही नाही. हा कुणीतरी तिसराच आहे. अगं, अर्धी गोष्ट तू पहिल्याच दिवशी पाहिली होतीस!"

सून पिसे आणि सुई घेऊन धावत चौकात गेली. ऊन अजून उतरले नव्हते आणि दूताच्या घोड्यावर खोगीर चढत होते.

"महाराज," ती सर्वांदेखत म्हणाली, "मी ठिपका वगळला हा माझा अपराध. पण तो काय आहे हे न पाहता वगळला, हा त्याहून मोठा. आता आपण पाहा."

राजाने स्वतः सुई घालून पाहिली. मग राजज्योतिष्याने पाहिली. मग पहारेकऱ्याने आपली जुडी आणली, हलवाईणीने आपली आणली; कोणत्याही जुडीत सुई आरपार गेली नाही. राजज्योतिष्याने कपाळावर हात मारला, पण आनंदाने.

"गुरूभोवती चंद्र फिरतात, असं आमचं गणित सांगत होतं," तो म्हणाला. "त्यातलाच एक सूर्य आणि गुरू यांच्या मध्ये आला असणार. ही त्याची सावली! करकोचा काच बदलीपर्यंत ती पुढे चालली. गणितात होती ती आज डोळ्यांना दिसली. भिंग जरा जरी मळकट असतं, तरी एवढी बारीक सावली उमटलीच नसती."

हलवाईण ओशाळली, पण तिची जीभ शाबूत होती. "म्हणजे तीटच की ती," ती म्हणाली. "थोरल्याला दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या चंद्रानं लावलेली!"

या वेळी सारा चौक हसला आणि सूनही हसली. राजाने दूताला खोगीर उतरवण्याची खूण केली.

"बाई," तो म्हणाला, "मामंजींच्या पेटीतलं भिंग घेऊन या. आणि हे चित्र घरी न्या. ते अपुरं आहे."

दुसऱ्या दुपारी माजघराच्या भिंतीवर पुन्हा गुरू उजळला. सुनेने कुंचला काजळात बुडवला आणि ती थांबली.

"मामंजी, तीन काढू की एक?"

"करकोच्यानं तीनदा पाहिली, पण सावली एकच आहे. एकच काढ, आणि पाहताना ती चालत होती, असं खाली लिही. म्हणजे बघणारा फसायचा नाही."

तिने ठिपका काढला. मग म्हाताऱ्याचे बोट हातात धरून ते ओल्या काजळावर अलगद टेकवले.

"ही बघा, मामंजी. इथं आहे."

भिंगकाराने बोटावरचे काजळ चाचपले आणि तेच बोट हसत हसत सुनेच्या गालाला लावले.

तात्पर्य: आपल्या माणसाचा डाग मायेने पुसण्यापूर्वी, तो डागच आहे ना, हे त्याच मायेने नीट पाहावे.