आक्काचा फुस्कारा

बांबूच्या एका रानात, मुलांनो, रानम्हशींचा एक कळप होता आणि त्याची म्होरकी होती एक वयस्क म्हैस. सगळा कळप तिला आक्का म्हणे. "मी कुठली म्होरकी? मी तर तुमची सेवेकरी," असे ती दिवसातून कितीदा तरी म्हणायची, आणि वागायचीही तशीच. कोवळा चारा दिसला की आधी पोरांना, सावली सापडली की आधी म्हाताऱ्यांना, आणि पाण्यावर गेले की स्वतः सगळ्यांच्या शेवटी. वाघाचा वास आला तर आक्का मान वर करून नाकातून जोरात फुस्कारा टाकी आणि तो कानी पडताच कळप मागेपुढे न पाहता धूम ठोकी. त्या फुस्काऱ्याने आजवर बरेच जीव वाचवले होते.

त्या वर्षी उन्हाळा फारच कडक पडला. सगळे पाणवठे आटले, उरला फक्त कड्याखालचा एक डोह. आक्काने कळपाला रणरणत्या उन्हातून तिथवर नेले आणि ती काठावरच्या उंचवट्यावर पहाऱ्याला उभी राहिली. "प्या बाळांनो, पोटभर प्या," ती म्हणाली. म्हशी पाण्याकडे धावल्या, दोन तरण्या रेड्यांत ढकलाढकली झाली, आणि पाण्याला तोंड लावायच्या आत सगळा कळप उधळून बांबूत पसार झाला. आक्का बघतच राहिली. ना वाघ, ना लांडगा! तिने एकेकीला हुडकून परत आणले, तर पुन्हा तेच. संध्याकाळीही तेच आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. तिला हात असते तर तिने ते कधीच टेकले असते. "यांच्यासाठी मी उन्हात करपते, घशाला कोरड पडली तरी थेंब घेत नाही, आणि या शहाण्यांना साधं पाणीही पिता येत नाही!" ती स्वतःशी धुमसत होती. कळपात एक नवी आई होती. पाण्यावाचून तिचे दूध आटत चालले होते आणि तिचे रेडकू आता उभे राहतानाही लटपटत होते. त्याच्याकडे पाहिले की आक्का कळपावर अधिकच चिडे.

आक्काच्या पाठीवर बसून गोचिड्या वेचणारी एक साळुंकी हे सगळे पाहत होती. शेवटी तिला राहवेना. "आक्का, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल की. मी कधी रागावते?"

"या पळतात त्या तुमच्यामुळे. तुम्ही फुस्कारता."

"मी? मी कशाला फुस्कारेन?" असे म्हणत आक्काने एक सणसणीत फुस्कारा टाकला. झाले! खाली पुन्हा पळापळ झाली, आणि त्या गर्दीत रेडकू धडपडून चिखलात रुतले.

"ऐकलंत ना आता?" साळुंकी म्हणाली. "कुणी रेंगाळलं की फुस्कारा, कुणी भांडलं की फुस्कारा. वाघाचा कुठला आणि वैतागाचा कुठला, ते बिचाऱ्यांनी कसं ओळखायचं?"

आक्काच्या नाकात आणखी एक फुस्कारा दाटून आला, पण या वेळी तो तिला आधी जाणवला. घसा जळत होता, छाती धडधडत होती. हा नुसता राग नव्हता. ही तहान होती, आणि रेडकू दगावेल ही भीती होती. आक्काने तो फुस्कारा गिळला. खाली उतरून तिने रेडकाला नाकाने ढकलत चिखलातून बाहेर काढले आणि कळपाला हाक मारली. "या गं सगळ्या. वाघ नव्हता. मी तहानेनं कावले होते आणि ते तुमच्यावर काढत होते. चुकलं माझं."

नवी आई बांबूतून बिचकत पुढे आली. "आक्का, तुम्ही अशा मान वर करून उभ्या राहिलात ना, की पाणी घशाखाली उतरतच नाही हो. सारखं वाटतं, आता पळावं लागणार."

"मग मी करू तरी काय?"

"तुम्ही आधी प्या."

"मी? आणि आधी?" आक्का कडाडली. कळपाचे कान टवकारले. तिने एक खोल श्वास घेतला, तो हळूच सोडला आणि ती गुमान पाण्यात उतरली. सगळ्यांच्या शेवटी पाणी पिण्याचा आपल्याला केवढा तोरा होता, हे पहिल्याच घोटाला तिच्या ध्यानात आले आणि तिला लाज वाटली. तिची मान खाली गेलेली दिसताच एक म्हैस पुढे झाली, मग दुसरी, मग सगळा कळपच पाण्यावर आला. तरण्या रेड्यांची ढकलाढकली पुन्हा सुरू झाली. आक्काला ती दिसली, पण ती पीत राहिली. दुसऱ्या दिवशी नव्या आईला पान्हा फुटला आणि रेडकू तिला अशा काही ढुशा देऊ लागले की आता तीच वैतागली.

तात्पर्य : दुसऱ्यांसाठी झिजणाऱ्याने आधी आपल्या मनात काय चालले आहे ते ओळखावे, नाहीतर त्याचा वैताग त्याच्या माणसांनाच भोगावा लागतो.