पिंपळपानाची चौकट

फार फार वर्षांपूर्वी एक राज्य होतं. कुठं होतं ते मला विचारू नका. आज एक नाव सांगीन, उद्या दुसरं सांगीन, आणि तुम्ही मलाच खोटं ठरवाल.

त्या राज्यात एक विचित्र कायदा होता. कागदावर आणि रेशमावर चित्र काढायचं ते फक्त राजघराण्यातल्या माणसांचं. बाकीच्यांना आपल्या माणसांचे चेहरे काढून घ्यायचे असतील तर खुशाल घ्यावेत, पण झाडाच्या पानावर. कायदा करणाऱ्या राजाला वाटलं असेल, पान काय, आज आहे उद्या नाही. रयतेचे चेहरे राहिले काय आणि गेले काय, त्याला सारखंच.

पण रयत मोठी चिवट असते. चितारी मंडळींनी पिंपळाची पानं महिनाभर पाण्यात भिजत घातली. हिरवं सगळं कुजून गेलं आणि मागे शिरांची जाळी तेवढी उरली. तुम्हीही लहानपणी असलं पान वहीत जपून ठेवलं असेल. त्या जाळीवर डिंकात घोटलेले रंग भरून चितारी माणसांचे चेहरे काढू लागले.

त्या राज्यातल्या एका गावात एक बाई राहायची. दारोदार फिरून जात्याला टाकी लावणं हा तिचा धंदा. जातं वापरून वापरून गुळगुळीत झालं की दाणा नीट दळला जात नाही. मग छिन्नी-हातोडी घेऊन दगडाला पुन्हा खाचा पाडाव्या लागतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. बाई कामाला चोख आणि तोंडाला फटकळ. ह्या गोष्टीतल्या माणसांची नावं कुणी जपून ठेवलेली नाहीत, म्हणून आपण तिला टाकीवालीच म्हणू.

टाकीवालीचा नवरा दगडाच्या खाणीत दरड कोसळून मेला, तेव्हा तिची मुलगी पाळण्यात होती. मुलगी मोठी झाली, पण तिनं बाप कधी पाहिला नव्हता. ती विचारायची, "आई, बाबा कसे दिसायचे गं?" आई म्हणायची, "कसे म्हणजे? माणसासारखे." दुसरं काय सांगणार बिचारी? चेहरा डोळ्यांपुढं असायचा, पण तो शब्दांत काही उतरायचा नाही. आणि मुलगी गप्प बसली की आईच्या जिवाला चुटपुट लागून राहायची.

मुलीचं लग्न घाटापलीकडच्या गावात ठरलं. तेव्हा टाकीवालीनं मनाशी पक्कं केलं, रुखवतात भांडीकुंडी कमी असली तरी चालेल, पण पोरीला तिच्या बापाचा चेहरा द्यायचा.

गावात एक म्हातारा चितारी होता. तिच्या नवऱ्याला त्यानं रोज खाणीवर जाता-येता पाहिलेलं. तो म्हणाला, "काढीन बाई. पण हात कापतो आता. घटकाभर काढीन, दिवसभर थांबीन. मागं लागायचं नाही."

चार महिने लागले. चित्र झालं. डोक्याला मुंडासं, रुंद कपाळ, उजवी भुवई जराशी वर चढलेली. टाकीवालीनं पाहिलं आणि तोंडाला पदर लावून ती तिथंच उभी राहिली.

चितारी म्हणाला, "हे माझं शेवटचं. पुन्हा मागायला आलीस तर माझ्यानं होणार नाही. जाळी फार नाजूक आहे, चांगल्या चौकटीत बसवून घे."

टाकीवाली तालुक्याच्या पेठेत गेली. तिथं चौकटी बनवणारा एक मोठा कारागीर होता. त्यानं चंदनाची चौकट दाखवली, तिच्यावरची चांदीची पट्टी दाखवली, दर्यापारची काच दाखवली, आणि शेवटी किंमत सांगितली. तेवढ्यासाठी टाकीवालीला दोन वर्षं न जेवता टाकी लावावी लागली असती.

"ह्याहून हलक्यातली नाही का?" तिनं विचारलं.

"आहे की. हलक्या माणसाच्या चित्राला हलकी चौकट," कारागीर म्हणाला. "तुमचा नवरा हलका होता का?"

"माझा नवरा दहा माणसांचा दगड एकटा उचलायचा," टाकीवाली म्हणाली. "तुमची चांदी तुम्हालाच लखलाभ." आणि ती पायऱ्या उतरली. उतरली खरी, पण पेठ संपेपर्यंत तिचे कान तापलेले होते.

आता ऐका तिनं काय केलं. तिच्या धंद्यात एक म्हण होती, 'हललं की फुटलं.' टाकी लावताना जातं चारी बाजूंनी पाचर मारून घट्ट बसवावं लागतं. छिन्नीखाली दगड हलला तर तो तडकतो. बाईनं वीस वर्षं हेच केलेलं. तिला वाटलं, दगडाचं जे खरं तेच पानाचं खरं. तिनं एक सागाची फळी घेतली, गव्हाच्या पिठाची घट्ट खळ शिजवली, आणि पानाच्या कडेला चहूबाजूंनी खळ लावून ते फळीवर पक्कं चिकटवून टाकलं. कुठं म्हणून बोटभर जागा सुटी ठेवली नाही.

"बघते आता कसं हलतंय," ती म्हणाली, आणि समाधानानं भाकरी खायला बसली.

दुसऱ्या दिवशी उन्हं तापली. खळ वाळली, वाळता वाळता आवळली, आणि पानाला चारी बाजूंनी ओढू लागली. दुपारी टाकीवालीला बारीक आवाज आला, टिच्. तिनं जाऊन पाहिलं. पानाच्या कडेपासून नवऱ्याच्या कानापर्यंत एक चीर गेली होती. ती बघतेय तोवर आणखी एक केसाएवढी चीर सुरू झाली.

तिच्या पायाखालची जमीन सरकली. लग्न आठ दिवसांवर, दुसरं चित्र होणं नाही, आणि हे पान तिच्या डोळ्यांदेखत तुटत चाललेलं. ती फळी उराशी धरून चिताऱ्याकडे धावली.

म्हाताऱ्यानं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हे माझ्या हातचं काम नाही," तो म्हणाला. "पातळ वस्तूशी कसं वागायचं हे ज्याला कळतं त्याच्याकडे जा. वेशीबाहेर बुरडीण राहते, तिला विचार."

बुरडीण म्हणजे बांबूच्या सुपं-टोपल्या विणणारी एक म्हातारी. टाकीवाली तिच्या अंगणात पोचली तेव्हा बुरडीण बांबू आणायला गेलेली. अंगणात होती फक्त तिची शेळी. माणसांची नावं राहिली नाहीत, पण शेळीचं नाव मात्र लोकांनी लक्षात ठेवलं आहे. तिला कबरी म्हणत. त्या काळी जनावरं बोलत असत. आजही बोलत असतील, पण ऐकायला आपल्याला सवड कुठं आहे?

कबरीनं फळीजवळ येऊन पान हुंगलं. टाकीवालीनं घाबरून फळी पाठीमागं लपवली.

"घाबरू नकोस, खात नाही," कबरी म्हणाली. "खळ लावलेलं पान खाल्लं की पोट फुगतं. एकदा अनुभव घेतलाय. पण बाई, पानाला असं बांधून घातलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं."

"बांधलं नाही गं, जपलंय," टाकीवाली म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला रडूच आलं.

"मला पानांतलं कळतं. दुसरं काही कळत नाही, पण पानांतलं कळतं," कबरी म्हणाली. "मला सांग, पिंपळाचं पान झाडाला किती ठिकाणी धरलेलं असतं?"

"एकाच. देठाशी."

"वारा सुटला की काय करतं?"

"हलतं. पिंपळाचं पान तर वारा नसला तरी हलतं."

"आणि फाटतं का?"

टाकीवालीनं पाठीमागची फळी पुढं घेऊन पानाकडे पाहिलं. वीस वर्षं तिनं पिंपळाखाली बसून भाकरी खाल्ली होती, पण हा प्रश्न काही तिला पडला नव्हता.

"दगड हलला की फुटतो, ते तुझं खरं असेल," कबरी म्हणाली. "पानाला हलू दिलं नाही की ते फुटतं." एवढं बोलून ती कुंपणाकडे चरायला गेली.

तेवढ्यात बुरडीण आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि फळी उजेडात नेली. "खळ लावलीस ते एक बरं केलंस. लाख लावली असतीस तर परत जा म्हटलं असतं," ती म्हणाली. "खळ सुटते. पण रंग डिंकातला आहे. पाण्याचा एक थेंब तोंडावर गेला तर नवऱ्याला विसर."

तिनं चिंधीची वातीएवढी पट्टी काढली, भिजवली, पिळून कोरडी केली, पुन्हा पिळली. ती पट्टी फक्त कडेवर ठेवली. खळ मऊ झाली की बांबूची पातळ कामटी खाली सरकवायची, गव्हाच्या दाण्याएवढी जागा सोडवायची, मग पुढची. सूर्य मावळतीला आला तेव्हा पान फळीवरून उचललं गेलं. कानाजवळची चीर होती तेवढीच होती, पुढं गेली नव्हती. टाकीवालीनं भिंतीला पाठ टेकली.

"आता चौकट बांबूची करू," बुरडीण म्हणाली. "पण पुढून-मागून झाकायला काच पाहिजे. ती माझ्याकडे नाही."

"काचेचं काय घेऊन बसलीस?" टाकीवालीला एकदम आठवलं. "खाणीत अभ्रक आहे की. कुणी विचारत नाही त्याला."

अभ्रक म्हणजे थरांचा, चकचकीत दगड. त्याचा एकेक थर सोलला तर आरपार दिसतं. ती खाणीवर गेली, अभ्रकाचा मोठा तुकडा घेऊन आली, आणि छिन्नीच्या टोकानं त्याचे थर सोलू लागली. दगड फोडणारा तिचा हात इतका हलका चालेल असं बुरडिणीला वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर टाकीवालीलाही नव्हतं.

दोन थर निघाले. बुरडिणीनं त्यांच्यामध्ये चारी कडांना कामट्या ठेवल्या, म्हणजे अभ्रक पानाला टेकणार नाही. पानाचा नुसता देठ वरच्या कामटीला खळीच्या एका ठिपक्यानं अडकवला. बाकी पान मोकळं. मग भोवती बांबूची चौकट वळून बांधली.

"किती द्यायचे?" टाकीवालीनं विचारलं.

"माझं जातं दोन वर्षं भरड दळतंय," बुरडीण म्हणाली. "त्याला टाकी लाव आणि जा. आणि एक ऐक, वाटेत आत काहीएक कोंबायचं नाही. कापूस घालायचा तो बाहेरून."

लग्न नवऱ्या मुलाच्या गावी होतं. बैलगाडीचा तीन दिवसांचा प्रवास, तोही घाटातून. टाकीवालीनं चौकट कापसात गुंडाळून मांडीवर घेतली. गाडीचं चाक खड्ड्यात गेलं की आत पान सळसळायचं. वीस वर्षांची सवय कानात ओरडायची, हललं की फुटलं. दोनदा तिनं चौकटीची गाठ सोडायला घेतली, आत कापूस घट्ट बसवून टाकावा म्हणून. दोनदा तिनं बोटं आवरली. दुसऱ्या दिवशी तर तिनं आपले दोन्ही हात पदरात बांधून घेतले. मुलीनं विचारलं, "काय गं आई, थंडी वाजतेय?" ती म्हणाली, "हो." भर उन्हात.

रुखवत मांडलं गेलं. कापूस उलगडायची वेळ आली तेव्हा टाकीवालीला बघवेना. तिनं डोळे मिटूनच चौकट वर काढली.

"अगबाई, बांबूची चौकट?" नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली. "आमच्याकडे सुपं-टोपल्या पुष्कळ आहेत हो."

बायका हसल्या. टाकीवालीनं डोळे उघडले. पान अख्खं होतं. तीन दिवसांचे खड्डे खाऊन अख्खं होतं. तिनं इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. कुणी काही म्हणो, आता तिला त्याचं काही वाटणार नव्हतं.

"घे," ती मुलीला म्हणाली. "तू विचारायचीस ना."

मुलीनं चौकट हातात घेतली आणि दाराच्या उजेडात धरली. अभ्रकातून, जाळीतून उजेड आरपार आला आणि तो चेहरा उजळला. नीट बघायला मुलीनं ती जराशी तिरकी केली. त्यामुळे आत पान किंचित हललं, आणि मुंडासं घातलेल्या त्या माणसानं लेकीकडे बघून मान डोलावली.

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला, व्याही समोर आल्यावर घेतात तसा.

मुलगी म्हणाली, "आई, ही भुवई माझ्यासारखी आहे गं." मग तिनं कानाजवळ बोट नेलं. "आणि ही चीर कसली?"

"ती माझी," टाकीवाली म्हणाली. "घट्ट धरायला गेले होते."

लहानथोर मंडळी, एवढं गाठीला बांधून ठेवा: नाजूक ते जपायचं तर एका जागी धरावं आणि बाकीचं मोकळं सोडावं.