वरची एक वीट

पूर्वी कृतयुगात, देव हाकेसरशी प्रकट होत आणि वर देताना मागचापुढचा विचार करीत नसत, त्या काळी सरस्वतीतीरी गणश्रवा नावाचा संख्याविद्येचा महाभिमानी ऋषी राहत असे. त्याची पत्नी आर्षेयी यज्ञवेदीच्या विटा थापी. त्यांचा एकुलता पुत्र सुवर्चा सर्पदंशाने गेला, तेव्हा ऋषीने घोर तप मांडले आणि ब्रह्मदेव प्रसन्न झाले.

"तपोनिधे, वेदी रच. विटांची संख्या तूच उच्चार. मात्र सर्व विटा समान थरांत बसाव्यात. थर एकच नको, एकेका विटेचे थर नकोत आणि एकही वीट उरता कामा नये. वेदी पुरी होताच पुत्र चितेच्या राखेतून उठेल."

आर्षेयी मागून कळवळली, "स्वामी, शंभर म्हणा! दहा विटांचे दहा थर. सायंकाळी माझं बाळ घरी येईल."

विधात्यापुढे शंभर म्हणजे शोभा होईल, असे त्या पंडिताला वाटले. "भगवन्, एक वीट सोळा वेळा दुप्पट करावी," तो गर्जला, आणि शुभकार्यात वर एक ठेवण्याचा रिवाज जिभेवर बसलेला, म्हणून पुढे म्हणाला, "आणि वर एक."

"तथास्तु!"

पासष्ट हजार पाचशे सदतीस विटा! आर्षेयीने नऊ वर्षे त्या भाजल्या. दोन थर रचले, एक उरली. तीन रचले, दोन उरल्या. सात रचले, तीन उरल्या. दर वेळी वेदी मोडायची, पुन्हा रचायची. असे करता करता दोनशे छप्पन्न थर झाले आणि पुन्हा एक उरली. ऋषी थबकला, त्याने बोटांवर काही हिशेब केला आणि पुढचे थर लावू लागला.

त्यानंतर बारा वर्षांनी आर्षेयीने डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"आधी थर थोडे नि एका थरात विटा फार होत्या. आता थर फार नि विटा थोड्या. तीच वेदी आपण उलटी रचतो आहोत. ही कधीच जमणार नव्हती. स्वामी, तुम्हाला हे केव्हापासून ठाऊक आहे?"

"बारा वर्षं. प्रिये, तुझी आशा मोडवेना."

"माझी आशा जपली नाहीत, स्वतःची फजिती झाकलीत! ऐका तर माझा शाप. अशा कशानेच न भागणाऱ्या अभंग संख्या गणकांना कोणत्याही सोप्या सूत्रात गवसणार नाहीत. एकेक भागून पाहत जन्म घालवा!"

गणक आजही तसेच भागत बसलेले असतात. आर्षेयीने वरची ती एक वीट उचलली, पुत्राच्या दहनस्थानी ठेवली आणि ती रानात निघून गेली. मागे राहिलेल्या विटांचे दोनशे छप्पन्न थर नेमके बसत होते. ते रचायला मात्र आर्षेयी उरली नव्हती.