दुसरा घाव

खूप खूप वर्षं झाली या गोष्टीला. किती ते विचारू नका; तेव्हा मोजणारे होते, ते आता नाहीत. नदीकाठच्या एका राज्यात एक राजा होता आणि त्याला जुन्या नाण्यांचा भारी शौक. कुणाला शिकारीचा असतो, कुणाला गाण्याचा, याला नाण्यांचा. राजवाड्यातल्या एका दालनात मखमलीवर नाणी मांडलेली असत. राजेसाहेब रोज सकाळी न्याहारीच्या आधी त्यांच्यावरून नजर फिरवून येत, तेव्हा कुठे त्यांच्या घशाखाली घास उतरायचा.

या राजाच्या पदरी माणकोजी नावाचा पारखी होता. जुनं नाणं कुणीही आणो, ते आधी माणकोजीच्या हातात जायचं. तो डोळ्याला भिंग लावायचा, नाणं उजेडाकडे धरायचा आणि निकाल सांगायचा. उत्तम, मध्यम, कनिष्ठ, नाहीतर मूस.

उत्तम म्हणजे कोरं करकरीत, टाकसाळीतून आत्ताच बाहेर पडल्यासारखं. ते राजाच्या मखमलीवर जायचं. हाताळून थोडं झिजलेलं ते मध्यम. अक्षरं पुसली गेली की कनिष्ठ. आणि ज्याच्या अंगावर घाव, खाच, भोक काही असेल ते सरळ मुशीत, वितळवायला. आणणाऱ्याला निव्वळ चांदीचे पैसे मिळायचे आणि तो हात जोडून घरी जायचा.

माणकोजी हुशार होता, यात शंका नाही. पण आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं! उत्तम नाण्याला तो कसोटीचा दगडसुद्धा लावू देत नसे. "ओरखडा उठला म्हणजे? गेली ना किंमत!" असं म्हणायचा. एकदा दिलेला निकाल त्याने आयुष्यात कधी फिरवला नव्हता, आणि त्याच्या निकालावर ब्र काढायची कुणाची छाती नव्हती.

एक जुना रिवाज मात्र त्यालाही पाळावा लागे. मुशीत टाकायच्या नाण्याची सगळी व्यंगं पारख्याने भर दरबारात मोठ्याने वाचून दाखवायची, म्हणजे मागाहून कुणाची कुरकुर नको. माणकोजीला याचा भारी कंटाळा. तो ते भराभरा उरकून टाकायचा.

एके दिवशी दरबारात मोरवड गावची येसाक्का आली. वयाने पिकलेली, पण ताठ. तिच्या मागोमाग शेजारच्या गावचा देवजी इनामदार आला, जरीचा शेला सावरत. भांडण होतं पाण्याचं.

झालं होतं असं. राजाच्या पणजोबांच्या काळी मोरवडकरांनी डोंगराच्या पायथ्याशी तळं खणलं होतं. त्यावर खूश होऊन पणजोबांनी चांदीचं एक नाणं पाडून घेतलं. एकच. एका बाजूला कमळ, दुसऱ्या बाजूला मासा. ते त्यांनी तळं खणणाऱ्यांना दिलं आणि हुकूम केला, ज्यांच्याकडे हे नाणं त्यांच्याकडे तळ्याची मोरी. पाणी कधी सोडायचं आणि कुठल्या पाटाने न्यायचं ते त्यांनी ठरवायचं. तेव्हापासून ते नाणं येसाक्काच्या घरात होतं आणि मोरवडची शेतं हिरवी होती.

आता देवजी म्हणत होता, "महाराज, ते नाणं माझ्या पणजोबांना मिळालं होतं. जुन्या पेटीच्या तळाशी रेशमात गुंडाळलेलं परवाच सापडलं. या लोकांचं नाणं खोटं आहे. आजवर आमचं पाणी पीत आले!"

"खोटं काय म्हणता?" येसाक्का कडाडली. "आमच्या माणसांनी पाट्या वाहून तळं खणलंय. महाराज, मोरी गेली तर आमचं गाव उठेल हो. मुलाबाळांना घेऊन आम्ही जायचं कुठे?"

राजा विचारात पडला. "पाडलं एकच होतं, आणि इथे तर दोन आहेत. म्हणजे एक खोटं. माणकोजी, तुम्ही सांगा. खऱ्याला मोरी मिळेल आणि खोटं मुशीत जाईल."

माणकोजीने आधी देवजीचं नाणं घेतलं. अहाहा! माशाचं खवलं न् खवलं मोजून घ्यावं. कमळाची पाकळी न् पाकळी वेगळी. वजनही बरोबर भरलं. अंगावर एक ओरखडा नाही. माणकोजीच्या तोंडाला पाणीच सुटलं. असं नाणं मखमलीवर किती शोभेल, हे त्याला लगेच दिसायला लागलं.

मग त्याने येसाक्काचं नाणं घेतलं आणि नाक मुरडलं. माशाची पाठ झिजून गुळगुळीत झालेली. कमळ अर्धं पुसलेलं. आणि कडेला सगळीकडे छिन्नीचे घाव.

"काय दशा केलीत ही?" तो म्हणाला.

"आम्ही नाही केली, पारखीदादा. नवा अंमलदार आला की विचारायचा, हे खरं कशावरून? मग त्याचा सोनार छिन्नीने एक घाव घालायचा, आत चांदी आहे की तांबं ते बघायचा आणि नाणं आमच्या हातात परत द्यायचा. सासऱ्यांच्या वेळी झालं, त्यांच्या वडिलांच्या वेळी झालं, माझ्या डोळ्यांदेखतही झालं."

माणकोजीचं तिच्याकडे धड लक्षही नव्हतं. त्याचा जीव त्या दुसऱ्या नाण्यात अडकला होता. त्याने मान वर केली आणि ठणकावून सांगितलं, "महाराज, इनामदारांचं नाणं उत्तम, म्हणून तेच खरं. बाईंचं मुशीत!"

देवजीने मिशीला पीळ दिला. येसाक्का मटकन खाली बसली.

शेगडी आणली, मूस तापत ठेवली. माणकोजीने चिमट्यात नाणं धरलं आणि रिवाजाप्रमाणे वाचायला सुरुवात केली. "माशाची पाठ झिजलेली. कमळ पुसट. कडेला पहिला घाव, जुना, हात फिरून फिरून बोथट झालेला. आत चांदी. त्याच्या शेजारी दुसरा घाव..."

आणि तो थांबला.

दरबाराला वाटलं, घशात काही अडकलं असेल. पण अडकलं होतं ते डोक्यात. दुसरा घाव? पहिल्या घावात जर तांबं दिसलं असतं, तर पुढच्या माणसाने छिन्नी उचललीच कशाला असती? तिथेच नाही का फेकून दिलं असतं? त्याने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. तिसऱ्या घावात चांदी. त्याच्या पुढच्यात चांदी. ज्याला ज्याला संशय आला त्याने हे नाणं कापून पाहिलं होतं, आणि ज्याने ज्याने कापून पाहिलं त्याने ते परत दिलं होतं. आपण ज्यांना व्यंगं म्हणून वाचतोय, त्या तर साक्षी आहेत!

आणि ते दुसरं, देखणं? त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं, तू खरं का म्हणून. आपणही नाही.

माणकोजीने तापलेल्या मुशीकडे पाहिलं. निकाल तर सांगून झाला होता. आयुष्यात कधी फिरवला नव्हता. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? एकदा चिमटा सैल केला की साक्ष वितळून जाणार होती, आणि तिच्याबरोबर एक अख्खं गाव.

त्याने चिमटा मागे घेतला.

"महाराज," तो म्हणाला, "मी चुकलो. मला छिन्नी द्या. इनामदारांच्या नाण्यावर मला घाव घालायचाय."

देवजी केवढ्याने ओरडला! "खबरदार! आत्ताच ना तुम्ही उत्तम म्हणालात? घाव बसला की किंमत गेली, हा नियम तुमचाच ना?"

"माझाच," माणकोजी म्हणाला. आता त्याचा आवाज शांत होता. "तुमचं नाणं खरं निघालं, तर माझं घरदार, माझं भिंग, माझी जागा, सगळं तुमचं. येऊ द्या नाणं."

देवजीचा हात काही पुढे येईना. शेवटी राजाने डोळे वटारले तेव्हा कुठे ते माणकोजीच्या हाती आलं. त्याने छिन्नी टेकवली आणि हातोडीचा एक टोला घातला. चांदीचा पातळ पत्रा फाटला आणि आतून लालभडक तांबं बाहेर डोकावलं.

सगळ्या दरबाराने तोंडात बोटं घातली. देवजीची मिशी खाली आली ती आलीच. राजाने फर्मावलं, "पाणी हवं होतं ना तुम्हाला? मग दर उन्हाळ्यात तुमच्या माणसांनी त्या तळ्यातला गाळ उपसायचा, आणि पहिली पाटी तुम्ही स्वतः डोक्यावरून वाहायची." आणि ते लखलखीत तांबं मुशीत गेलं.

माणकोजी येसाक्कापाशी गेला आणि तिचं नाणं तिच्या ओंजळीत ठेवलं. त्याचे डोळे भरून आले होते. आजवर कितीतरी घाव असलेली नाणी त्याने भराभरा वाचून मुशीत टाकली होती. त्यातली खरी किती होती हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. "आक्का, मला माफ करा," तो म्हणाला.

येसाक्काने नाणं पुन्हा त्याच्याच पुढे धरलं. "माफ केलं. पण तुम्हीही एक घाव घाला, दादा. पुढे कुणी विचारलं तर सांगता येईल, माणकोजी पारख्यानेही पाहिलं आणि परत दिलं म्हणून."

ज्याने जन्मभर घावाला व्यंग म्हटलं, त्या माणकोजीने कडेला एवढीशी जागा शोधली आणि अगदी जपून, अगदी हलक्या हाताने एक घाव घातला. आत स्वच्छ चांदी चमकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेसाहेब मखमलीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "माणकोजी, यातलं एकतरी कुणी कापून पाहिलंय का हो?"

"नाही, महाराज."

"मग आणा छिन्नी." आणि त्या दिवशी राजेसाहेबांची न्याहारी पार थंड होऊन गेली.

मोरवडच्या मोरीतून पाणी मात्र वाहतच राहिलं.

तर मंडळी, लक्षात ठेवा: ज्याच्या अंगावर घाव आहेत त्याची परीक्षा होऊन गेलेली असते, ज्याच्या अंगावर ओरखडाही नाही, त्याची अजून व्हायची असते.