पतंगेसाहेबांची हजेरीवही

सायबर सुरक्षेचे तज्ज्ञ पतंगेसाहेब धामणखेडच्या समाजमंदिरात भाषणाला आले, ते गावावर उपकार करायला आल्यासारखे. दारातच त्यांचा कारकून हजेरीवही घेऊन बसला होता. नाव, मोबाईल, आधार नंबर आणि जन्मतारीख लिहिल्याशिवाय तो कुणाला आत सोडत नव्हता. नमुन्यादाखल पहिली ओळ साहेबांनी स्वतःच्या हाताने भरून दिली होती.

मग तासभर साहेबांनी गावाला झोडपलं. "अडाणी आहात तुम्ही! कुणी जरा रुबाबात मागितलं की सगळी माहिती देऊन मोकळे होता. समोरचा कोण आहे, एवढं तरी विचाराल की नाही?"

तेवढ्यात पिठाची गिरणी चालवणाऱ्या यमुनाबाई लवटे उठून दाराकडे गेल्या आणि लगेच परत आल्या. साहेब भडकले. "बाई, इथं भाषण चाललंय! कुठं फिरताय?"

"फसवायला गेले होते, साहेब," असं म्हणत यमुनाबाईंनी पदराखालून हजेरीवही काढली. "तुमच्या माणसाला म्हटलं, साहेबांनी वही मागितलीय. त्यानं माझं नावसुद्धा विचारलं नाही. नव्वद जणांचे आधार नंबर माझ्या हातात आले, आणि मी चौथी नापास आहे!"

समाजमंदिर हसून हसून लोळलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. "तो कारकून एक नंबरचा मूर्ख आहे!"

"असेल बापडा," यमुनाबाई वही उघडत म्हणाल्या, "पण यात पहिला आधार नंबर त्याचा नाही, तुमचा आहे."