नसल्याचा दाखला

तुरीच्या एका झाडाखाली मूठभर माती होती, आणि त्या मुठीत एक राज्य नांदत होतं. मूठभर म्हणून लहान समजू नका. डोळ्याला न दिसणारी इतकी प्रजा तिथे राहत होती, की मोजायच्या भानगडीत कधी कुणी पडलं नव्हतं. कुणी पाचोळा कुजवी, कुणी खडा चाटून विरघळवी, कुणी मुळाला गाठी बांधून हवेतलं अन्न आणून देई. ज्याचं त्याचं काम, ज्याचं त्याचं जेवण.

बायजाक्का पाचोळा आळीत राहायची. तिच्या अंगाला जो वास यायचा, त्यालाच जग मातीचा वास म्हणायचं. कामात असली की गुणगुणायची:

पिवळं पान पडलं गं, घेतलं मी ओटीत,
काळं मऊ करून दिलं मुळाच्या मुठीत.

राजे होते पांढरी बुरशी. गोड दिसलं की पसरायचं, हा त्यांचा पराक्रम. निवडणूक तोंडावर आली तेव्हा महाराज म्हणाले, "मतदार किती, ते तरी कळू द्या."

दिवाण वळवळे हा सुतासारखा बारीक कृमी. त्याने युक्ती काढली. राजवाड्यात साखरपाकाची थाळी मांडली आणि दवंडी पिटली: "जो जेवला, तो मोजला. जो जेवला नाही, तो नाही."

दहातला एक जेवला. उरलेले नऊ थाळीपाशी नुसते उभे राहिले. बायजाक्काने एक घास तोंडात घेतला, पण तो घशाखाली उतरेना.

"खा की गं, नावापुरतं," शेजारचा दगडूतात्या म्हणाला. तो जन्मभर खडे चाटून जगलेला.

"तुम्ही खा ना."

"मला गोड बाधतं."

तीन दिवसांनी यादी लागली. बायजाक्का नव्हती, तात्या नव्हता, अख्खी पाचोळा आळी नव्हती. खाली हुकूम होता: यादीत नाही त्याने मुळाजवळची जागा सोडावी. त्या जागेत बायजाक्काच्या चारशे पिढ्या गेल्या होत्या. ती दिवाणाकडे गेली.

"दिवाणजी, मी आहे."

"थाळीवर दिसला नाहीत."

"आता समोर दिसतेय ना?"

"समोर दिसण्याला पुरावा म्हणत नाहीत, आक्का. तुम्ही असं करा, नसल्याचा दाखला काढा. अर्जदाराने स्वतः हजर राहायचं."

मग नऊ हिस्से प्रजेने रांगा लावून आपण नसल्याचं लिहून दिलं. रांगेत चेंगराचेंगरी झाली. कुणी मेलं नाही, कारण कुणी नव्हतंच.

दाखला घेऊन बायजाक्का बांधाखालच्या कडक मातीत राहायला गेली. आता पान कुजवायचं म्हणजे नसलेल्या बाईने काम केल्याचा गुन्हा. पाचोळा पडल्या जागी वाळत राहिला. माती विटेसारखी झाली, तूर पिवळी पडली. मुळांतून जो गोडवा झिरपे आणि ज्यावर राजवाड्याची थाळी भरे, तोही आटत चालला. महाराजांनी जाहीर केलं, "पाहा, राज्य किती स्वच्छ झालं. एक माती, एक थाळी."

शेवटची मोठी सभा ठरली. भाषण नेहमीचंच होतं, 'या मातीचा सुगंध माझ्या रोमारोमात आहे' असं सुरू होणारं. दिवाणाने तालमीत हवा हुंगून पाहिली आणि तडक बांध गाठला.

"आक्का, उद्या सभेत तासभर दरवळा."

"मी नाही ना."

"म्हणून तर सोयीचं. नसलेल्याला मंचावर खुर्ची द्यावी लागत नाही."

"यादीत नाव घाला. मुळाजवळची जागा परत द्या. मग दरवळते."

"नाव घालायचं तर थाळीवर जेवावं लागेल. आणि थाळीत आता काही उरलेलं नाही."

बायजाक्काने पदर अंगाभोवती घट्ट ओढला. "मग महाराजांनाच दरवळू द्या."

सभेत महाराज सुगंधापर्यंत आले आणि सवयीने सगळ्यांनी खोल श्वास घेतला. भाजक्या विटेचा वास आला.

महाराजांनी आवाज चढवला. "तुमचा सुगंध कुणी चोरला? तुमची थाळी कुणी रिकामी केली? जे नाहीत, त्यांनी."

टाळ्या बांधापर्यंत ऐकू आल्या. तिथे एक पिवळं पान उडत आलं होतं. बायजाक्काने इकडेतिकडे पाहिलं, ते ओटीत घेतलं, आणि आवाज न करता कामाला लागली.

महाराज शंभर टक्के मतांनी निवडून आले. पुढच्या पाच वर्षांसाठी राज्याचा एकच कार्यक्रम ठरला: जे नाहीतच, त्यांना हुडकून बाहेर काढणे.